सायखेड्याचा डबा

१९ जानेवारी, सोमवार

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, रोज काय खाता ते लिहून ठेवा. ह्यांना पतपेढीकडून मिळालेली डायरी कपाटात पडूनच होती, ती घेतली. तर लिहिते. सकाळी चहा दोन कप, टोस्ट तीन, नाही चार. दुपारी पोळ्या तीन, बटाट्याची भाजी, भात, वरण, वर शेंगदाण्याची चटणी. चारला पुन्हा चहा. लिहितानाच लाज वाटायला लागली. पुढचं लिहीत नाही.

मुद्द्याचं लिहिते. माझा धाकटा भाऊ सोमनाथ, त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. दिवाळीपासून सोमवारी आणि गुरुवारी सायखेड्याहून नाशिकरोडला येतो आणि चार तास मशीनला बांधून घेतो. त्याच्या बायकोचा, संजनाचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. आज मला वाटलं होतं की मॅडम तारीखच देतील. त्यांनी वजनकाट्यावर उभं केलं. साडेत्र्याऐंशी. शुगर काठावर, बीपी काठावर.

"बहात्तरच्या आत या, मग पुढच्या तपासण्या करू," म्हणाल्या.

"महिन्यात येते."

"महिन्यात नको. सहा-आठ महिने लागू देत. तोवर ते डायलिसिसवर निभावतील. सविताताई, हे ऑपरेशनपुरतं नाही. एका किडनीवर तुम्हाला अजून तीस वर्षं काढायचीत. तेव्हा लांबचं बघून चाला."

मॅडमना लांबचं बघायला काय जातंय! ज्याच्या हातात सुया टोचतात त्याला विचारा. मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, वीस वर्षं शिलाई मशीनवर बसून काढली. बसल्या जागी चढलेलं वजन आता उतरवायचं कुठून?

बाहेर बाकड्यावर सोमनाथ होता. त्याला सांगितलं तर म्हणतो, "जाऊ दे ना आक्का. डायलिसिस चालूच हाय की. तू कशाला जिवाला लावून घेते?" तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. घाबरला असणार.

२२ जानेवारी, गुरुवार

सोमनाथ डायलिसिसला जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे एकलहऱ्याला आला. हातात स्टीलचा कडीचा डबा. वर्षानुवर्षं आईच्या फडताळात असायचा तो. आत तिळाचे लाडू.

"अरे, मला पथ्य सांगितलंय!"

"तुझी भावजय पहाटे उठून वळत बसली होती. परत नेला तर मला घरात घ्यायची नाय. रथसप्तमीपर्यंत चालतंय की." आणि मग हळूच, "आक्का, तिच्यापुढं याचं नाव काढू नको मात्र. माझ्या पथ्यामुळं घरात गोडाचं नाव काढलं की रडायला बसते."

आता काय करायचं? आई म्हणायची, माहेरचं आलेलं नको म्हणू नये, माहेर आटतं. दोन खाल्ले. खरं लिहायचं तर चार. डबा रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून गेल्या उन्हाळ्यातल्या कुरडया भरून दिल्या.

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून चालायला सुरुवात. कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या. सोबतीला चिमणाबाई. ह्यांच्याबरोबरचे एक गृहस्थ इथल्या वीजनिर्मितीच्या प्लँटमधून निवृत्त झाले, त्यांची ही आई. वय विचारलं तर दरवेळी वेगळं सांगते. माझ्यापेक्षा भराभर चालते आणि तोंड त्याहून भराभर. तीन फेऱ्यांत मला अख्ख्या कॉलनीच्या सुनांची माहिती झाली. मला बोलायला श्वासच नव्हता, म्हणून मी गुणाची ठरले.

गुडघे बोंबलताहेत. बूट राखेनं माखले. प्लँटमधल्या कोळशाची राख बुटावर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, पापडांवरसुद्धा बसते.

हे ड्यूटीवरून आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं का?" बस्स. तीस वर्षं झाली लग्नाला, माणूस दोन शब्दांच्या पुढे जात नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दीड किलो उतरलं! सोमनाथला दारातच सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. तो नुसतंच "बरं" म्हणाला आणि पाणी मागितलं. त्याला पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं, अर्धा पेला दिला. तो हातात धरून बसून राहिला. थकत असेल. त्या मशीनवर माणसाचा चोथा होतो.

डब्यात शंकरपाळी. "पीठ जास्त मळलं म्हणाली ती." मी चार खाल्ली, बाकीची सायलीला दिली. आमची सायली कॉलेजला आहे, तिला काही दिलं तरी अंगाला लागत नाही. कुणाचं नशीब कसं, कुणाचं कसं.

बुटांवरची राख सकाळी कुणीतरी झटकून ठेवतं. सायली असणार. शहाणी होतेय पोरगी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज डबा काठोकाठ. बेसनाचे लाडू, वर खोबऱ्याच्या वड्या. वजन उतरलं याचाच संजनाला आनंद झाला असेल, म्हणून एवढं केलं असेल. पण बाई, आनंद झाला तर जरा पोटाबाहेर दाखव की! मी बडबडले तर सोमनाथ म्हणतो, "एक खा. माझ्यासमोर खा. मला तर खाता येत नाय, तुला खाताना बघून तरी बरं वाटतं."

असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? खाल्ला. लाडूला तुपाचा वास जरा वेगळा येत होता. संजनानं डालडा वापरला की काय.

डब्यात तिच्यासाठी शिवलेला ब्लाऊज घालून दिला. मोरपंखी, बाहीला काठ. माप अंदाजानं घेतलं, पण माझा अंदाज चुकत नाही.

५ मार्च, गुरुवार

पोळ्या झाल्या. होळीला पुरणपोळी खाल्ली नाही तर होळी पेटायची थांबते की काय, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटतं. मी दीड खाल्ली. काट्यावर साडेब्याऐंशी. म्हणजे महिनाभर राख तुडवून फक्त एक किलो. चिमणाबाई म्हणाली, "आगं, कांद्याचा भाव हाय का त्यो, रोज बघायला? आठ दिसांनी बघावं." म्हटलं, तुझ्या भावाच्या हातात सुया असत्या तर तूही रोज बघितलं असतंस. मग ती गप्प झाली. चिमणाबाईला गप्प करून मलाच वाईट वाटलं.

सोमनाथला वजन सांगितलं तर हसला. मनापासून हसला, बऱ्याच दिवसांनी. "जाऊ दे आक्का, होईल हळूहळू," म्हणाला. मेला, लहानपणापासून माझी फजिती झाली की याला हसू फुटतं. पण हसला ते बरं वाटलं.

ब्लाऊज बसला की नाही, संजनाचा एक फोन नाही. ती नाही करत तर मीही करणार नाही. मोठी मी आहे.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी उभारली आणि डायलिसिसच्या ठिकाणी गेले. आज सोमनाथला मशीनवर असताना पाहिलं. पायात गोळे आले होते. दात आवळून पडला होता, ओरडत नव्हता. नर्स पाय चोळत होती. मला बघितल्यावर म्हणाला, "तू कशाला आलीस? आज सणाचं घरी थांबायचं ना."

हा लहानपणी झाडावरून पडला तेव्हाही असाच गप्प होता. हात मोडलेला संध्याकाळी कळला.

बस झालं लांबचं बघणं. त्या मॅडमना म्हणावं, तुम्ही बघा लांबचं. मी उद्यापासून काही खाणार नाही.

२३ मार्च, सोमवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. तीन दिवस फक्त लिंबूपाणी. पहिल्या दिवशी छान वाटलं, दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, आज सकाळी मशीनवर फॉल लावता लावता डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तर हे मांडीवर डोकं घेऊन बसलेले आणि तोंडानं "सविता, सविता." लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदा नावानं हाक मारली असेल. एरवी "अगं".

मॅडमनी झाप झाप झापलं. "उपाशी राहून उतरलेलं वजन दुपटीनं परत येतं. आणि अशी चक्कर येणाऱ्या बाईची किडनी मी काढू देईन का? तुम्हाला दोन पेशंट करायचेत का मला?"

सोमनाथ डायलिसिस आटोपून आला. पायाशी बसला. माझा पाय हातात घेतला आणि रडायलाच लागला. "कशाला करते हे आक्का? कशाला? मी म्हणलो होतो का तुला?" त्याचं रडणं थांबेना. मलाच त्याला थोपटावं लागलं. आजारी कोण, कळेना.

आज डबा आणला नव्हता. विसरला म्हणाला.

२६ मार्च, गुरुवार

डबा आला. पण त्यात फक्त दोन पेढे. "शक्ती यायला पाहिजे म्हणून." तो नजर चुकवत होता. मी खाल्ले. शक्ती आली नाही.

९ एप्रिल, गुरुवार

दोन आठवडे लिहायचा कंटाळा आला. लिहायचं तरी काय? भाकरी, भाजी, ताक, चालणं, राख. भाकरी, भाजी, ताक, चालणं, राख. काटा ऐंशीवर चिकटून बसलाय, हलवला तरी हलत नाही. कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते उकरलेत, मैदानापर्यंत जायचं तर दोन खड्डे ओलांडावे लागतात. चिमणाबाई पदर खोचून टुणकन उडी मारते. मी फेरा घालून जाते.

सायली मोबाईलमध्ये काय काय बघून सांगते. आई, सकारात्मक राहा, आरशात बघून हस. आरशात बघून हसले तर मलाच वेड लागलंय असं वाटलं.

खरं सांगू? कंटाळा आलाय. सोमनाथचा नाही, देवा, तसं लिहायचं नव्हतं. या चालण्याचा, या काट्याचा. सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो की आज नको. मग त्याचा हात आठवतो आणि बूट घालते. यात कसला उत्साह आणि कसलं काय.

बूट आजही झटकलेले होते. पण सायली तर परीक्षेसाठी आठ दिवस मैत्रिणीकडे आहे. मग चिमणाबाईचं काम असावं.

१६ एप्रिल, गुरुवार

आज एक गंमत झाली. लग्नाला जायचं म्हणून जुना हिरवा ब्लाऊज काढला. तीन वर्षांपूर्वी शिवलेला, दोन वर्षं हूकच लागत नव्हते, आतली शिलाई उसवून शेवटपर्यंत सैल केला होता. आज घातला तर झोळीसारखा लोंबला. मला वाटलं, कापड ताणलं. टेप घेतली, मोजलं. कमरेला तीन इंच, दंडाला एक. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, स्वतःचं घ्यायचं सुचलंच नाही!

काटा हलला नव्हता, पण मी हलले होते. मशीनवर बसून ब्लाऊज दोन्ही बाजूंनी आत घेतला. शिवता शिवता रडू आलं, कारण माहीत नाही.

ह्यांना दाखवला. म्हणाले, "छान." मग चपला काढता काढता, "जिन्यात आता धाप लागत नाही तुला." म्हणजे चार शब्दांच्या वर गेले. हे हल्ली चहा बिनसाखरेचा पितात, तेही माझ्या लक्षात आज आलं. विचारलं तर म्हणे, असंच.

२७ एप्रिल, सोमवार

अठ्ठ्याहत्तर! मॅडम खूश. म्हणाल्या, दोघांना एकदम बसवून पुढचं समजावते, गुरुवारी या. सोमनाथला फोन केला. "बघू," म्हणाला. "बघू काय? यायचंच आहे." "हां, हां."

३० एप्रिल, गुरुवार

दोन तास बसले. आला नाही. गाडी पंक्चर झाली म्हणे. पण डायलिसिसला दुपारी वेळेवर हजर! म्हटलं, पंक्चर काढायला किती वेळ लागतो रे? तर म्हणाला, "लय गर्दी होती." आणि डबा पुढे केला. म्हैसूरपाक.

मी पहिल्यांदाच डबा बाजूला ठेवला. म्हटलं, नंतर खाते. त्याचा चेहरा असा पडला, जणू मी त्यालाच बाजूला ठेवला. खाल्ला मग एक तुकडा. पण खाताना पहिल्यांदा वाटलं, संजनाला म्हैसूरपाक कधीपासून यायला लागला? तिला साधा पाक जमत नाही, साखर कडक होते. यूट्यूबवर शिकली असेल.

१८ मे, सोमवार

अधिक महिना लागला. तीन वर्षांनी येतो, जावयाचा मान असतो. संजनाचा फोन आला. इतक्या महिन्यांत आपणहून पहिला! रविवारी दाजींना घेऊन धोंड्याच्या जेवणाला या म्हणाली. सासूबाई नाहीत तर काय झालं, मी आहे ना, म्हणाली. बरं वाटलं. मीही ताठा सोडला. ब्लाऊजचं मात्र काढलं नाही. तिनंही नाही.

२४ मे, रविवार

आता सायखेड्याहून आलो. हात पाय धुतले आणि आधी लिहायला बसले. हे म्हणाले, "उद्या लिही." म्हटलं, उद्या राग उतरेल.

गेल्या गेल्या संजनानं ह्यांना पाटावर बसवलं, औक्षण केलं. ताटात पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी, तेहतीस अनारसे चांदीच्या निरांजनासकट. सगळं रीतीनं. मग माझं ताट आलं. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, पातळ ताक. धोंडा नाही. अनारसा नाही.

मी बघतच राहिले. ती म्हणाली, "ताई, तुमचं वेगळं केलंय. एवढ्या कष्टानं उतरवताय तुम्ही, आणि मी पुरण वाढू? देव मला माफ करायचा नाही. तुम्ही आमच्यासाठी जे करताय ना..."

"मग दर आठवड्याला लाडू कशाला पाठवतेस बाई?"

"कुठले लाडू?"

मी पिशवीतून डबा काढला. आज परत न्यायचा म्हणून त्यात शेवया भरून आणल्या होत्या. तो बघून ती ओरडलीच. "अगं बाई! हा डबा मी संक्रांतीपासून शोधतेय! सगळं फडताळ उपसलं. कामवालीवर संशय घेतला हो मी, काय काय बोलले तिला! घरात दिवाळीनंतर गोडाचा कण केला नाही मी. ह्यांच्यापुढं कसं करणार?"

"कुरडया? मोरपंखी ब्लाऊज?"

"कुठला ब्लाऊज?"

आम्ही दोघींनी एकदम ओट्याकडून दाराकडे बघितलं. सोमनाथ तिथे नव्हता. हे धोंडा हातात धरून तसेच बसलेले. म्हणाले, "चाळीकडे गेला."

कांद्याच्या चाळीमागं खाटेवर बसला होता, मान खाली घालून. हातावरची डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर दुसऱ्या हातानं झाकलेली. माझ्या मागून संजना आली.

"कुठून आणायचास?" मी विचारलं.

"फाट्यावरच्या दुकानातून. घरचं वाटावं म्हणून डब्यात भरायचो."

"आणि आमच्याकडचं?"

"तिथं डायलिसिसला येणाऱ्या लोकांना वाटून टाकलं. ब्लाऊज गाडीच्या सीटखाली हाय. तो नाय देववला कुणाला."

मला आधी वाटलं, हसावं. मग असा संताप आला की हातातल्या डब्याचं झाकण जमिनीवर आपटलं. म्हटलं, "मेल्या, मी चार महिने राख खात चालले! चक्कर येऊन पडले! आणि तू मागून लाडू भरवत होतास? का रे? काय वाकडं केलं मी तुझं?"

त्यानं वर बघितलं. "वाकडं नाय केलं म्हणूनच." मग एकदम सगळं बोलायला लागला. "बाबा गेल्यावर हक्कसोडीला तू आली होतीस. उन्हात कचेरीत उभी राहिली, सही केली, वाटणीचं सोडून दिलं, घरी चहा पण न पिता बस धरली. बहिणीला साडीचोळी करतात त्या वेळी. मी तेवढंपण नाय केलं, पुढच्या वर्षी करू म्हणलो. भावानं द्यायचं असतं आक्का. मी घेतोच हाय जल्मापासून. आता पोट फाडून देणार तू. उद्या तुला काय झालं तर दाजींपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? तुला नको म्हणलो तर तू ऐकणार नाय, मला माहिती. म्हणलं, वजनच उतरलं नाय तर डॉक्टरच नाही म्हणतील. कुणी कुणाला नाही म्हणायला नको."

संजना तोंडाला पदर लावून उभी. तिला हे काहीच माहीत नव्हतं. तिचा नवरा स्वतःच जगू नये म्हणून दर आठवड्याला थोडी थोडी साखर विकत आणत होता आणि ती घरात साखरेचा डबा लपवून ठेवत होती.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. म्हटलं, "सही मी तुझ्यासाठी नव्हती केली. तुझ्याशी भांडत बसायला नको म्हणून केली. मला तेव्हापासून आठवलीसुद्धा नाही. तूच उगाळत बसलास एवढी वर्षं."

तो उठायला लागला, मी खांदा धरून बसवला.

"आणि दुसरं ऐक. आधी मी तुझ्यासाठीच चालत होते, खोटं कशाला सांगू. पण आता मला जिन्यात धाप लागत नाही. शुगर काठावरून खाली आली. हे माझं आहे. ते मी तुला देणार नाही आणि तुझ्या लाडवांनाही देणार नाही. तुला किडनी नको असली तरी मी चालायची थांबणार नाही. नको असेल तर नको म्हण. पण तोंडानं म्हण, डब्यातून नको. आणि मला नको सांगूस. ही मागं उभी आहे ना, तिच्याकडे बघून सांग."

त्यानं संजनाकडे बघितलं. मग मान खाली घातली.

मी आणि हे निघालो. डबा तिथेच राहिला, झाकणाला पोचा पडलेला.

गाडीत मी म्हटलं, "तुम्हाला वाटतंय का, मी देऊ नये?" ह्यांनी पुलापर्यंत रस्त्यावरची नजर काढली नाही. मग म्हणाले, "वाटतं. भीती वाटते." आणि थोड्या वेळानं, "बुटांची राख रोज मीच झटकतो. मला एवढंच येतं."

मी खिडकीकडे तोंड करून बसले.

२८ मे, गुरुवार

आला नाही. सोमवारीही आला नव्हता. डायलिसिसला गेला, संजनानं फोन करून सांगितलं, इथे मात्र आला नाही. मी चालायला गेले. चिमणाबाईला काही सांगितलं नाही, तरी तिला सगळं माहीत होतं. कसं, ते देव जाणे.

पाय ओढत होते. तो नकोच म्हणाला तर? तर काय, उद्याही चालायचंच, असं परवा मोठ्या तोंडानं सांगून आले. सांगणं सोपं असतं. मैदानाच्या त्या टोकाला बसून थोडं रडून घेतलं. मग उरलेल्या फेऱ्या केल्या.

१ जून, सोमवार

संजनाचा फोन. "ताई, ब्लाऊज बसला. बाह्या जरा घट्ट होतात." माझा अंदाज चुकला! म्हटलं, पाठवून दे, सैल करते. कुणाबरोबर पाठवू, असं तिनं विचारलं नाही आणि मीही नाही.

४ जून, गुरुवार

सकाळी काट्यावर शहात्तर आणि वर काहीतरी. गेल्या आठवड्यापेक्षा थोडं जास्तच. अजून चार किलो राहिले, मॅडमच्या हिशेबानं सप्टेंबर. आता मी काट्याशी भांडत नाही.

नऊच्या सुमाराला दारात गाडी थांबली. सोमनाथ. हातात डबा. म्हटलं, संपलं, हा उत्तर घेऊन आला आणि उत्तर डब्यातच आहे.

त्यानं डबा माझ्यापुढे टेबलावर ठेवला. मी कडी काढली. पोचा पडलेलं झाकण निघता निघेना, दोन्ही हातांनी ओढलं.

आत काहीच नव्हतं. घासून पुसून लख्ख केलेला, तळ दिसणारा डबा.

आई असती तर म्हणाली असती, बहिणीच्या घरी रिकामा डबा आणलास, काही रीतभात आहे की नाही?

"आक्का," तो म्हणाला, "आज काय द्यायला नाय आलो. घ्यायला आलोय."

मी अर्धा पेला पाणी दिलं. या वेळी तो ते प्यायला.

निघताना मी डबा तसाच, रिकामाच, त्याच्या हातात परत दिला. त्यानं पिशवीत आणलेला मोरपंखी ब्लाऊज तेवढा ठेवून घेतला, बाह्या सैल करायला. मॅडमनी सोमवारी दोघांना बोलावलंय.

सकाळी चहा एक, बिनसाखरेचा. टोस्ट नाही. चालणं राहिलंय अजून. खालून चिमणाबाई हाका मारतेय, येते जाऊन.